हद्दीपलीकडचा तळ : प्रस्तावना

सोळाव्या शतकात दाभोळहून होर्मुझला किंवा तांबड्या समुद्राकडे निघालेल्या जहाजावर पोर्तुगिजांचा परवाना असावा लागे. 'कार्ताझ' हे त्याचं नाव. जहाज कुणाचं, नाखुदा कोण, माल कोणता, जाणार कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. पोर्तुगिजांच्या ठाण्यावर जकात भरण्याची अटही सोबत असे. कार्ताझाशिवाय सापडलेलं जहाज मालासकट जप्त होई. आदिलशहाला, निजामशहाला, पुढे मोगल बादशहालाही आपल्या जहाजांसाठी हे कागद घ्यावे लागले. कोकण किनाऱ्यासमोरच्या पाण्यावरून कुणी जायचं, हे लिस्बनच्या राजाचे गोव्यात बसलेले अधिकारी ठरवत होते.

या दाव्याला सविस्तर उत्तर युरोपातूनच आलं, आणि त्यामागे व्यापारी हित होतं. १६०३ साली सिंगापूरजवळ डचांनी 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. ही लूट कायदेशीर ठरवायला डच ईस्ट इंडिया कंपनीला वकील हवा होता. ते काम ह्यूगो ग्रोशियस या विशीतल्या पंडिताकडे आलं आणि त्यातूनच 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', ही पुस्तिका १६०९ साली निनावी प्रसिद्ध झाली. समुद्र ताब्यात घेता येत नाही, एकाचं जहाज गेल्याने दुसऱ्याची वाट झिजत नाही, म्हणून समुद्र कुणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, हा त्याचा मुद्दा. मासे मात्र संपू शकतात असं म्हणता येईल, हे त्याने ओझरतं मान्य केलं आणि तो पुढे गेला. पोर्तुगालच्या बाजूने सेराफिम द फ्रेइतासने १६२५ साली, इंग्लंडच्या बाजूने जॉन सेल्डनने १६३५ साली त्याचं खंडन लिहिलं. पण काळाने कौल ग्रोशियसला दिला. पुढची तीनशेहून अधिक वर्षं समुद्राचा कायदा त्याच्या सिद्धान्तावर उभा राहिला.

या सिद्धान्ताचा कोकणात काय उपयोग झाला? अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांनी आपल्या पाण्यात स्वतःचे दस्तक चालू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते मानायला नकार दिला आणि कान्होजींना चाचा ठरवलं. तेच इंग्रज स्वतःचे पास देतच होते. समुद्र खुला होता, पण ज्याच्याकडे तोफांची जहाजं जास्त त्याला तो अधिक खुला होता.

हे पुस्तक खोल समुद्राच्या तळाविषयी आहे. तरी सुरुवात इथून केली, कारण साऱ्या जगाची म्हणून जी संपत्ती आपण मानतो तिच्याविषयीचा गोंधळ इथूनच सुरू होतो. जे कुणाचं नाही ते सगळ्यांचं, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात जे कुणाचंच नसतं ते आधी पोचणाऱ्याचं होतं. सगळ्यांचं व्हायला हद्द ठरवावी लागते, वाटा ठरवावा लागतो, राखण ठेवावी लागते आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारण्याची ताकद कुणाला तरी द्यावी लागते. समुद्रतळाची हकिकत मला महत्त्वाची वाटते ती यासाठी, की मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू होण्याच्या आधीच जगातले बहुतेक देश एका मेजाभोवती बसले आणि त्यांनी हे नियम लिहायला घेतले. एवढ्या पसाऱ्याच्या संपत्तीबाबत असं फार क्वचित घडलं आहे.

*

या विषयावर लिहिणारा कुणीही अमेरिकन अभ्यासक गॅरेट हार्डिनला टाळू शकत नाही. १९६८ च्या डिसेंबरात 'सायन्स' नियतकालिकात त्याचा लेख आला. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपलं एकेक जनावर वाढवत जातो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलेलं. शेवटी कुरणच उजाड होतं. इलाज दोन, खाजगी मालकी किंवा सरकारचा वचक. या लेखाने जगभरच्या धोरणकर्त्यांच्या मनात घर केलं. पण हार्डिनच्या कुरणावर गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, पंच बसत नाहीत, चराईचे दिवस ठरत नाहीत. गायरान आणि देवराई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र अपुरं वाटणारच. पुढे १९९४ साली हार्डिनने स्वतःच सुधारणा केली, की आपण वर्णन केलेली शोकांतिका व्यवस्था नसलेल्या कुरणाची होती.

त्या व्यवस्थेचा पुरावा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गोळा केला. स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावराने, स्पेनमधले व्हॅलेन्सियाचे कालवे, फिलिपिन्समधल्या पाणीसंस्था असा तो पसारा होता. लोक शतकानुशतकं सामाईक गोष्टी नीट सांभाळत आले आहेत आणि त्यांच्या नियमांत काही सारखेपणा आहे, हे त्यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

त्यांच्या यादीत सहज बसेल असं उदाहरण आपल्या खानदेशात आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून चालवलेली फड पद्धत निदान तीन शतकं टिकली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, पिकं फडाफडांत फिरवायची. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी पडलं की एखाद्या फडाला त्या साली पाणीच द्यायचं नाही. टंचाई आली की ती सगळ्यांच्या वाट्याला येई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार आणि सगळ्यांचा मोबदला लाभधारकांकडून. या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला वाटते ती ही, की नियम करणारा आणि नियमाचा चटका सोसणारा माणूस एकच होता. पाटाच्या शेपटाला बसलेल्याला डावलून टाकणं डोक्यावरच्याला परवडत नसे, कारण पुढच्या फडात तो स्वतः शेपटाला असे.

जगाच्या पातळीवर नेमकं हेच जमत नाही. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याविषयी स्पष्ट लिहिलं आहे. भागीदार फार, त्यांच्यात समान रीत नाही, बदलांचा वेग मोठा. आणि प्रयोग फसला तर दुसरी पृथ्वी नाही. नफा एका खंडाच्या आणि नुकसान दुसऱ्याच्या, शिवाय अजून जन्माला न आलेल्यांच्या वाट्याला. मग जागल्या कोण नेमणार?

*

जगाने या प्रश्नाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरं दिली. त्यांतली तीन इथे थोडक्यात सांगतो, कारण समुद्रतळाचं उत्तर त्यांच्या शेजारी ठेवूनच समजतं.

पहिलं अंटार्क्टिकाचं. सात देशांनी त्याच्या तुकड्यांवर मालकी सांगितली होती. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी करार केला आणि हे दावे जिथल्या तिथे गोठवले. कराराने ते मान्यही ठरत नाहीत, सोडल्यासारखेही होत नाहीत, नवे मात्र करायचे नाहीत. सैनिकी हालचाली बंद, संशोधन खुलं. भारताने त्याआधी, १९५६ साली, अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडण्याचा प्रयत्न केला होता. तो पुढे गेला नाही. मग ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून पहिली भारतीय मोहीम निघाली, ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर उतरली आणि १९८३ मध्ये भारताला करारातल्या निर्णय घेणाऱ्या देशांत जागा मिळाली. त्याच वर्षी मलेशियाने तोच जुना प्रश्न संयुक्त राष्ट्रांत उभा केला, तेव्हा भारत आत बसलेल्यांच्या बाजूला होता. हा बदल नोंदवून ठेवण्याजोगा आहे. खाणकामासाठी १९८८ मध्ये तयार झालेला स्वतंत्र करार ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने पाठ फिरवल्यामुळे बारगळला, आणि १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने संशोधनाखेरीज सर्व खनिज उद्योगावर बंदी घातली. ही बंदी २०४८ साली संपते असं वारंवार छापलं जातं. ते चूक आहे. त्या सालानंतर फेरविचाराची मागणी करता येते एवढंच; ती मान्य होण्याच्या अटी कडक आहेत.

दुसरं हवेचं. ओझोनच्या थराबाबत जग लवकर शहाणं झालं. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली रेफ्रिजरेटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या वायूंचा धोका सांगितला, १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या निरीक्षणांतून ओझोनची मोठी घट दाखवली, १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रियल करार झाला. पण तो सगळ्या जगाचा झाला तो १९९० च्या लंडन बैठकीनंतर. रेफ्रिजरेटर पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या देशांनी तो आत्ता घेऊ पाहणाऱ्यांना नवं तंत्र आणि पैसा द्यावा, ही अट भारत आणि चीनने धरून ठेवली आणि त्यातून बहुपक्षीय निधी उभा राहिला. १९९२ मध्ये भारत करारात आला. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे आणि थर भरून येतो आहे. वाटा न्याय्य असेल तर लोक नियम पाळतात, याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं नाही.

कार्बनबाबत तसं झालं नाही. १९८८ साली माल्टाने संयुक्त राष्ट्रांत सुचवलं, की हवामान हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. महासभेने ते 'सामाईक चिंतेचा विषय' एवढ्यावर आणलं. वारसा म्हटलं असतं तर वाटणीचा हिशेब निघाला असता. तो हिशेब १९९१ साली दिल्लीत अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण या पर्यावरण अभ्यासकांनी मांडला. वातावरणाची कार्बन शोषण्याची क्षमता माणशी सारखी वाटली तर कुणी आपल्या वाट्याबाहेर किती वापरली, हा त्यांचा प्रश्न होता. भाताच्या खाचरातला मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एका मापाने मोजू नका, असंही त्यांनी बजावलं. सामाईक संपत्तीच्या विचारात भारताने घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे असं माझं मत आहे, आणि मराठीत तिची पुरेशी चर्चा झालेली नाही.

तिसरं अवकाशाचं. १९६७ च्या कराराने चंद्र आणि ग्रहांवर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही असं ठरवलं, पण तिथून खणून आणलेला दगड कुणाचा, हे सांगितलं नाही. १९७९ च्या चंद्र कराराने ते सांगायचा प्रयत्न केला. मोजक्याच देशांनी तो स्वीकारला. भारताने सही केली, अनुमोदन दिलं नाही. २०१५ साली अमेरिकेने आपल्या कंपन्यांना अवकाशातल्या खनिजांची मालकी देणारा कायदा केला आणि २०२३ च्या जूनमध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारनाम्यावर सही केली.

*

आता समुद्रतळाकडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रोशियसचा सिद्धान्त दोन्ही बाजूंनी ढासळायला लागला. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ तळातल्या तेलावर आणि खनिजांवर हक्क जाहीर केला. १९४७ मध्ये चिली आणि पेरूने दोनशे मैलांपर्यंतचं पाणी आपलं म्हटलं. सगळेच देश सरकत निघाले तर मधे काय उरणार, हा प्रश्न होता. त्यातच १९६५ साली जॉन मेरो या अमेरिकन अभियंत्याच्या पुस्तकाने खोल समुद्रातल्या धातूंच्या गोट्यांची भुरळ घातली. बटाट्याएवढे हे काळे गोटे चार ते सहा हजार मीटर खोल, गाळाच्या मैदानांवर सुटे पडलेले असतात. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असं सगळं त्यांत असतं. शार्कच्या दाताभोवती किंवा एखाद्या कणाभोवती थर साचत ते वाढतात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या गतीने.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांत बोलायला उभे राहिले. माल्टाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. सकाळच्या आणि दुपारच्या सत्रात मिळून त्यांनी तासन् तास भाषण केलं. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ मानवजातीचा सामाईक वारसा जाहीर करा, तिथे कुणाची मालकी नको, लष्करी वापर नको, त्यातून येणारं उत्पन्न प्रथम गरीब देशांसाठी खर्च व्हावं आणि हे पाहायला एक जागतिक संस्था असावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. माझ्या मते विसाव्या शतकातल्या फार थोड्या भाषणांनी जगाच्या नकाशात इतका फरक पाडला आहे. १९७० मध्ये महासभेने ते तत्त्व स्वीकारलं. त्यानंतर, १९७३ पासून नऊ वर्षं, समुद्राचा कायदा लिहायला परिषद चालली. नव्याने स्वतंत्र झालेले आशिया-आफ्रिकेतले देश तिथे पहिल्यांदा बरोबरीने बसले होते. जर्मन कादंबरीकार टॉमस मान यांच्या कन्या एलिझाबेथ मान बोर्गेझ यांनी पार्दोंचा विचार जन्मभर पुढे नेला; त्यांच्यावर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे.

या घडामोडींच्या मधेच एक विलक्षण प्रकार घडला. १९७४ साली अमेरिकन अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजच्या नावावरचं 'ग्लोमार एक्स्प्लोरर' हे प्रचंड जहाज धातूचे गोटे काढायला पॅसिफिकमध्ये गेलं, असं जगाने मानलं. ते खरं तर सीआयएसाठी बुडालेली सोव्हिएत पाणबुडी वर ओढायला गेलं होतं. पण त्या बनावाने समुद्रतळाच्या खाणींचा बोलबाला वाढवला आणि वाटाघाटींतल्या कित्येकांना वाटलं, की उपसा आता दाराशी आला. तो अजूनही आलेला नाही.

१० डिसेंबर १९८२ ला जमैकातल्या माँटेगो बेला ११९ प्रतिनिधिमंडळांनी करारावर सह्या केल्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राष्ट्राची हद्द, २०० मैल अनन्य आर्थिक क्षेत्र, उथळ तळ आणखी पुढे जात असेल तर त्याचा वेगळा हिशेब. त्यापलीकडचा तळ मानवजातीचा. तिथल्या संपत्तीवरचे सर्व हक्क समग्र मानवजातीकडे आहेत आणि तिच्या वतीने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण काम पाहील, असं करारात स्वच्छ लिहिलं आहे. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात मालकाच्या जागी मानवजात बसवलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

पार्दो मात्र निराश होते. मासे आणि तेल यांचा बहुतेक भाग दोनशे मैलांच्या आत गेला होता आणि वारशाच्या नावाने अंधारातले काळे दगड तेवढे उरले, अशी त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. शिवाय राष्ट्राच्या ताब्यात गेलं म्हणजे वाचलं असंही नाही. न्यू फाउंडलंडजवळचा कॉड मासा १९७७ पासून मुख्यतः कॅनडाच्या दोनशे मैलांत होता आणि १९९२ साली तो इतका संपला की मासेमारीच बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचा पिढीजात धंदा एका घोषणेने गेला. मालकी सरकारकडे होती आणि धोक्याचे इशारेही सरकारपुढेच होते.

रेगन यांच्या अमेरिकेने करारावर सही केली नाही. तंत्रज्ञान वाटून घेण्याच्या आणि उत्पादनावर मर्यादा घालण्याच्या अटी श्रीमंत देशांना मान्य नव्हत्या. १९९४ च्या पुरवणी कराराने त्या सैल केल्या, तेव्हा इतर बरेच देश आत आले. अमेरिका आजही बाहेर आहे. प्राधिकरणाचं कार्यालय किंग्स्टनला थाटलं गेलं. मूळ रचनेतला एक धागा मात्र टिकला. ज्या श्रीमंत देशाला किंवा कंपनीला क्षेत्र हवं, त्याने सारख्या मोलाचे दोन भाग शोधून द्यायचे. एक त्याचा, दुसरा विकसनशील देशांसाठी राखीव. प्राधिकरणाने 'एंटरप्राइझ' नावाची स्वतःची कंपनी काढून मानवजातीच्या वतीने उत्खनन करावं असंही ठरलं होतं. ती कंपनी प्रत्यक्षात कामाला लागलेलीच नाही.

राखीव भागांचं पुढे काय झालं, हे या पुस्तकातलं सर्वांत क्लेशदायक प्रकरण आहे. नाऊरू हा पॅसिफिकमधला चिमुकला देश. त्याच्या पोटातलं फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून दशकानुदशकं उपसलं आणि बेटाचा मधला भाग खडकांचं रान होऊन बसला. या देशाने कॅनडातल्या एका कंपनीच्या उपकंपनीला पुरस्कृत केलं आणि हवाई ते मेक्सिको यांच्या मधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातलं राखीव क्षेत्र तिच्याकडे गेलं. टोंगाच्या नावावरही हेच घडलं. गरिबांसाठी बाजूला काढलेला वाटा श्रीमंतांच्या भांडवलाने उचलला आणि त्यासाठी लागलं ते गरीब देशाचं नाव. असं पुरस्कृत करणाऱ्या देशावर काय जबाबदारी येते, हे नाऊरूच्या प्रस्तावामुळेच समुद्र कायद्याच्या लवादापुढे गेलं. १ फेब्रुवारी २०११ च्या मतात लवादाने सांगितलं, की देखरेखीची जबाबदारी गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच, नाहीतर कंपन्या सोयीचा देश शोधत फिरतील. जबाबदारी सारखी, पण ती पार पाडायला बेटाकडे शास्त्रज्ञ किती आणि जहाजं किती, हे लवाद सांगू शकत नव्हता.

२०२१ च्या जूनमध्ये नाऊरूने करारातल्या एका कलमाचा आधार घेऊन दोन वर्षांत उत्खननाचे नियम पूर्ण करा अशी मागणी केली. मुदत उलटली, नियम झाले नाहीत. चाळीसच्या आसपास देश आता थांबा म्हणत आहेत. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने प्राधिकरणाला वगळून स्वतःच्या १९८० च्या कायद्याखाली परवाने देण्याचा हुकूम काढला. काही दिवसांतच कॅनडातल्या त्याच कंपनीच्या अमेरिकी शाखेने अर्ज केला. चारशे वर्षांपूर्वी कार्ताझ होता तसाच हा एका देशाने सगळ्यांच्या पाण्यासाठी काढलेला परवाना आहे. फरक एवढाच, की कार्ताझ काढला गेला तेव्हा त्याविरुद्ध लिहिलेला कायदा नव्हता. आज तो आहे, आणि बहुसंख्य देशांनी त्यावर सही केलेली आहे.

*

तळाशी काय आहे, हेही सांगायला हवं, कारण चर्चा फार लवकर टनांवर जाते. क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातल्या नोंदींवरून २०२३ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या अंदाजानुसार तिथे साडेपाच हजारांच्या वर प्राणिजाती असाव्यात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास अजून विज्ञानात नोंदलेल्या नाहीत. कित्येकांना बसायला कठीण जागा लागते आणि त्या गाळाच्या मैदानात ती फक्त गोट्यांवर मिळते. १९७९ साली तिथे एका यंत्राने चाचणी घेतली होती. चार दशकांहून अधिक काळानंतर शास्त्रज्ञ परत गेले, तेव्हा त्याच्या चाकोऱ्या ताज्यासारख्या दिसत होत्या. काही जीव परतले आहेत, गोटे अर्थातच नाहीत. प्राधिकरणाने या पट्ट्यात तेरा संरक्षित क्षेत्रं राखली आहेत, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण उत्खनन सुरू झालं तर उसळलेला गाळ किती दूर जाईल याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही.

आणि यात आपण प्रेक्षक नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्रातून पहिले गोटे वर काढले. त्या बळावर भारत समुद्र कायद्याच्या करारातल्या अग्रणी गुंतवणूकदारांत गणला गेला आणि १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातलं दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताच्या नावावर नोंदलं गेलं. पुढे त्यातलं निम्मं, ७५ हजार, ठेवून बाकीचं परत दिलं. सरकारी अंदाजाने तिथे ३८ कोटी टन गोटे आहेत. २०२१ साली खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. गोव्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याहून फार आधी, १९९७ साली, या क्षेत्रात मुद्दाम गाळ ढवळून तळाच्या जीवांवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग केला होता आणि पुढे त्याच जागी परत जाऊन नोंदी घेतल्या. उत्खननाच्या आधी नुकसान मोजायला बसलेल्या त्या माणसांचं काम मराठी वाचकाला जवळपास अपरिचित आहे. खाण हवी म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनी ते आधी वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी स्वतःची भूमिका लपवत नाही. नियम पूर्ण होईपर्यंत आणि तळाची पुरेशी ओळख होईपर्यंत एकही व्यापारी परवाना निघू नये असं मला वाटतं. निकेल आणि कोबाल्टची गरज मी नाकारत नाही. विजेच्या बॅटऱ्यांशिवाय कोळसा सुटणार नाही हे मलाही दिसतं. पण बॅटऱ्यांचं रसायन दर काही वर्षांनी बदलतं आहे, कोबाल्ट-निकेलविना चालणाऱ्या बॅटऱ्या रस्त्यावर आलेल्या आहेत, आणि गोट्यांना बदली नाही. प्राधिकरण सदोष आहे. त्याच्या तांत्रिक आयोगाचं बरंच काम बंद दाराआड चालतं, ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच शुल्कावर ते काही प्रमाणात अवलंबून आहे, मानवजातीला मिळणारा वाटा किती हे तीस वर्षांत ठरलेलं नाही. तरीही त्याला बाजूला सारून जो तो आपापले परवाने काढू लागला, तर ज्या देशांकडे खोल समुद्रात उतरायची यंत्रं नाहीत त्यांना उद्या बोलायलाही जागा राहणार नाही. त्या देशांत आपले बहुतेक शेजारी येतात. दुरुस्ती आत बसूनच करावी लागेल. १९ जून २०२३ रोजी संमत झालेला खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार हे तशा दुरुस्तीचं साधन होऊ शकतं. त्याच्या मसुद्यात सामाईक वारसा आणि समुद्राचं स्वातंत्र्य ही दोन्ही तत्त्वं शेजारी शेजारी ठेवावी लागली, यावरून वाटाघाटी किती कठीण होत्या ते कळतं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. पहिल्या भागात गोट्यांचा शोध येतो, १८७३ सालच्या फेब्रुवारीत 'चॅलेंजर' जहाजाने कॅनरी बेटांच्या नैऋत्येला काढलेल्या पहिल्या नमुन्यापासून. दुसरा भाग पार्दो, परिषद आणि करार यांचा. कायद्याची कलमं ज्यांना रुक्ष वाटतात त्यांनीही तो वगळू नये, कारण भांडणं माणसांची आहेत. तिसरा नाऊरू, टोंगा आणि कंपन्यांचा. चौथा आणि सर्वांत मोठा भाग हिंदी महासागराचा आहे. त्यातल्या शेवटच्या प्रकरणात भारताच्या गोट्यांच्या कराराची कागदपत्रं क्रमाने तपासली आहेत. या कराराची वाढवलेली मुदत २०२७ मध्ये संपते. त्याआधी संसदेत निदान तीन गोष्टी विचारल्या जायला हव्यात. १९९७ च्या प्रयोगाच्या निष्कर्षांचा नियमांच्या मसुद्यावर भारताने काय उपयोग केला, उत्खनन झालंच तर मानवजातीच्या वाट्याचा कोणता दर भारत सुचवतो, आणि अमेरिकेच्या एकतर्फी परवान्यांविषयी आपलं म्हणणं किंग्स्टनच्या नोंदीत कोणत्या शब्दांत गेलं आहे.